साठीनंतरचा कॅमेरा आणि परिग्रह



मंदिरात हल्ली मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "या वयात हा फोटोचा नाद कशाला? तेवढ्या वेळात एक माळ जास्त होईल." विचारणाऱ्या वयाने मोठ्या, म्हणून तिथे हसून सोडते. उत्तर इथे देते.

माझ्या मते हा छंद आपल्याला साठीत लागत नाही. तो आधीपासून नजरेत असतो, कॅमेरा तेवढा उशिरा येतो. चाळीस वर्षं आपण ताटात मूग पसरून किडका दाणा शोधला, मेथीचं पान न् पान उलटून पाहिलं, पाणी गाळून जिवाणी जपून पोचवली. ज्या बाईला पानामागची अंडी दिसतात, तिला सकाळच्या तिरप्या उजेडात कोळ्याच्या जाळ्यावरचं दव दिसणारच. माझ्या नातवाला ते दाखवावं लागतं.

आणि उशीर झाला हे एका अर्थी बरंच झालं. जुन्या रोलवर चांदीच्या क्षारांचा थर जिलेटिनमध्ये बसवलेला असायचा. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं आणि कातडी. धुलाईच्या फोटोपेपरवरही तेच. मोबाइलच्या कॅमेऱ्यात रोलच नाही.

वयाचं म्हणाल तर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंना पहिला कॅमेरा ४८व्या वर्षी मिळाला, लेक-जावयाने दिलेला. जन्म १८१५चा, आपल्या कोलकात्यातला. पुढे इंग्लंडमध्ये राहताना त्यांनी कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ केला. कोंबड्या सोडून दिल्या, आणि त्या कुणी खाल्ल्या नसाव्यात अशी आशाही लिहून ठेवली. हे वाचलं तेव्हा बाई मला एकदम आपल्यातल्या वाटल्या!

माळेचा आक्षेप मी मानत नाही. परिग्रहाचा मानते. फोनमध्ये हजारो फोटो साठवणं आणि कपाटात न नेसलेल्या साड्या रचणं यात मला फरक दिसत नाही. मी बी. कॉम. झालेली, तेव्हा महिनाअखेरीला शिल्लक मोजते. महिन्याला वीस फोटो, एवढंच माझं परिमाण. बाकीचे पुसायचे. पाकळीवरचा एकच भुंगा सात वेळा कशाला हवा?

अहिंसेचंही तसंच. किडा हलू नये म्हणून त्याला फ्रिजमध्ये गारठवून फोटो काढणारे लोक आहेत. घरट्याजवळ इतके जातात की पक्षीण पिलांकडे फिरकत नाही. असा फोटो कितीही सुंदर असो, मी त्याला 'छान' म्हणत नाही, तुम्हीही म्हणू नका. आणि अभिषेकाच्या वेळी हात वर करून मोबाइल धरणाऱ्यांनो, मागच्यांना भगवंत दिसत नाहीत, तुमचा मोबाइल दिसतो.

दशलक्षण पर्वात मी कॅमेरा उघडत नाही. फक्त नवव्या दिवशी, उत्तम आकिंचन्याला, वर्षभराचे फोटो काढून बसते आणि निम्मे पुसते. गेल्या वर्षी एक पुसवेना. मूग निवडणारे सासूबाईंचे हात. त्यांना आता कमी दिसतं, पण खडा बोटांनाच कळतो. ती बाकी मी यंदाच्या खात्यावर ओढली आहे.