उपासनेत वचनाला किती मिनिटं?

आपल्या शहरी मराठी मंडळ्यांत रविवारच्या उपासनेचा क्रम गेल्या पंधरा-वीस वर्षांत पार बदलून गेला आहे. दिव्यांचे झोत, एलईडीचा पडदा, ड्रमभोवती काच, पाऊण तासाची स्तुती-आराधना. मग सूचना, वाढदिवस, साक्ष, अर्पण. आणि शेवटी घड्याळाकडे बघत उरकलेला वीस मिनिटांचा संदेश. त्या संदेशातही एक वचन पडद्यावर झळकतं आणि वाचून व्हायच्या आत निघून जातं, कारण वक्त्याला पुढची गोष्ट सांगायची घाई असते. सगळ्याच मंडळ्यांत असं चालतं असं मी म्हणत नाही. तालुक्याच्या गावी, अपुऱ्या पगारात, तीन-तीन मंडळ्या सांभाळत मन लावून शास्त्र शिकवणारे पाळक आहेत आणि त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. पण ओघ उलट दिशेला आहे, आणि आता त्या ओघाचं उघड समर्थन होऊ लागलं आहे. म्हणून त्या समर्थनाचा समाचार घेणं भाग आहे.

पहिला मुद्दा सगळीकडे ऐकू येतो: असं केलं नाही तर तरुण पोरं टिकणार नाहीत. हा युक्तिवाद मुळात आपला नाही. शिकागोजवळ १९७५ साली बिल हायबल्स यांनी एका चित्रपटगृहात विलो क्रीक ही मंडळी सुरू केली. लोक चर्चला का येत नाहीत, हे त्यांनी घरोघर जाऊन विचारलं होतं. कंटाळा येतो, सारखे पैसे मागतात, आमच्या जगण्याशी याचा काही संबंध लागत नाही, अशी उत्तरं मिळाली. मग त्या उत्तरांवरून उपासना बेतली गेली: बँड, नाटिका, हलकाफुलका आटोपशीर संदेश. मंडळी हजारोंची झाली आणि जगभरच्या पाळकांनी तोच कित्ता गिरवला.

पुढे काय झालं, ते मात्र आपल्याकडे कोणी सांगत नाही. २००७ साली याच मंडळीने आपल्या सभासदांची पाहणी करून ती ‘रिव्हील’ या नावाने प्रसिद्ध केली. कार्यक्रमांतला सहभाग वाढला म्हणजे देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढते, असं त्यात आढळलं नाही. उलट विश्वासात सर्वांत पुढे गेलेल्या सभासदांमध्येच असमाधान होतं. त्यांना शास्त्राचं खोल शिक्षण हवं होतं आणि ते मिळत नव्हतं. स्वतः शास्त्र वाचून स्वतःचं पोषण कसं करावं, हे लोकांना शिकवायला हवं होतं, असं हायबल्स यांनी तेव्हा जाहीरपणे मान्य केलं. या गोष्टीला आता जवळजवळ दोन दशकं होत आली. ज्यांनी ही पद्धत घडवली त्यांनीच तिची उणीव मोजून दाखवली, आणि आपण तीच पद्धत नवी म्हणून आणतो आहोत.

लोकांना करमणूकच हवी असते, हे गृहीतकही तपासून पाहावं. गॅलप या संस्थेने २०१७ साली अमेरिकेत महिन्यातून निदान एकदा प्रार्थनास्थळी जाणाऱ्यांना विचारलं, की तुम्ही का जाता? शास्त्र शिकवणारे उपदेश हे मोठं कारण असल्याचं ७६ टक्के लोकांनी सांगितलं. चांगल्या संगीताला तेवढं महत्त्व देणारे ३८ टक्के, म्हणजे बरोबर निम्मे. मागणी शिक्षणाची आहे, पुरवठा भलत्याच गोष्टीचा होतो आहे. त्याचा परिणाम प्यू रिसर्च सेंटरच्या २०१० सालच्या धर्मज्ञान-पाहणीत दिसला होता. अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक प्रॉटेस्टंटांना, धर्मसुधारणेची चळवळ कोणापासून सुरू झाली या प्रश्नाला मार्टिन ल्यूथर हे उत्तर देता आलं नाही. ज्या पंथाचा जन्मच ‘शास्त्र लोकांच्या हाती द्या’ या आग्रहातून झाला, त्याची ही अवस्था. आपल्या तरुण संघात अशी चाचणी घेतली तर काय निघेल, याची मला धास्ती वाटते.

दुसरं समर्थन शास्त्राचा आधार घेऊन येतं. दावीद कोशापुढे सर्व बळाने नाचला, स्तोत्रसंहितेत डफ आहे, झांजा आहेत, मग तुम्हाला गिटार का खुपते? मला गिटार खुपत नाही. आणि इथे मला माझ्याच बाजूच्या काही मंडळींशीही भांडायचं आहे. ड्रम आले म्हणून मंडळी बिघडली, पेटी-तबला होता तेव्हा सगळं ठीक होतं, हे म्हणणं टिकत नाही. अशी माणसं करमणुकीच्या विरोधातला एक जळजळीत उतारा एकोणिसाव्या शतकातले इंग्रज उपदेशक स्पर्जन यांच्या नावाने एकमेकांना पाठवत असतात. तो स्पर्जन यांचा नाहीच, त्यांच्या पाठशाळेत शिकलेल्या आर्चिबाल्ड ब्राऊन यांचा आहे. शास्त्राबद्दल काटेकोरपणा मागणाऱ्यांनी स्वतःही तो पाळावा. या उताऱ्यावरून एवढं मात्र कळतं, की हा वाद ड्रम-सेटपेक्षा खूप जुना आहे.

मराठी ख्रिस्ती परंपरा तर गाण्यावरच वाढली आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ छापलं. दहा हजारांहून अधिक ओव्यांमध्ये सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा आहे. रविवारी आणि सणावारी देवळांतून ते गायलं जाई. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना जुना आणि नवा करार त्यातून कळला. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तन हा प्रकार ख्रिस्ती कथेसाठी वापरला. कीर्तनात गाणं आहे, अभिनय आहे, विनोदालाही जागा आहे. पण पूर्वरंगात निरूपण झाल्याशिवाय आख्यान सुरू होत नाही, आणि आख्यान संपतं तेव्हा श्रोता निरूपणाच्या मुद्द्यापाशी परत आलेला असतो. गाणं तिथे अर्थ पोचवण्याच्या कामी लागलेलं असतं. ना. वा. टिळकांची गीतं आजही ‘उपासना संगीता’त म्हटली जातात, कारण गाणारा त्यातून काहीतरी शिकतो. कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौलानेही गाण्याकडून हेच मागितलं आहे: एकमेकांना शिकवणं आणि बोध करणं. आजच्या कित्येक आराधना-गीतांना ही कसोटी लावून पाहा. चार ओळी बारा वेळा म्हटल्यावर आपण ख्रिस्ताविषयी काय शिकलो, हे सांगता येतं का?

भावना उचंबळली म्हणून कोणी नाक मुरडू नये, हेही मला म्हणायचं आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे संजीवन झालं त्यात मुली रडल्या, मोठमोठ्याने प्रार्थना केल्या, तासन् तास उठल्या नाहीत. आणि त्याच काळात, त्याच आवारात, पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक समोर ठेवून साध्या माणसाला कळेल अशा मराठीत सगळं पवित्र शास्त्र उतरवत होत्या. १९२२ साली त्या गेल्या तोवर भाषांतर पुरं झालं होतं. मुक्तीच्या छापखान्यात बायकांनी खिळे जुळवून ते छापलं. अश्रू आणि व्याकरण एकाच आवारात नांदत होते. आज आपण अश्रूंची व्यवस्था केली आहे, व्याकरणाची नाही.

तिसरं समर्थन असं, की खोल शिकवण लोकांना झेपत नाही, कंटाळा येतो. कंटाळवाणे उपदेश असतात हे खरं आहे. तीच पिवळी पडलेली टिपणं वर्षानुवर्षं वाचून दाखवणाऱ्यांनी या करमणुकीला दार उघडून दिलं, हा दोष आपण पदरात घेतला पाहिजे. पण उपाय काय? त्रोवसात पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळलं, तो जिवंत असल्याचं सांगितलं, वर येऊन भाकर मोडली आणि उजाडेपर्यंत पुन्हा बोलत बसला. झोपलेल्याची त्याला काळजी होती, पण त्या काळजीपायी त्याने शिकवण आवरती घेतली नाही.

हलका केलेला संदेश प्रत्यक्षात कसा असतो, हे एका नमुन्यावरून सांगतो. दावीद आणि गल्याथ. मंचावरचा वक्ता विचारतो, तुमचा गल्याथ कोण? कर्ज? व्हिसा? बॉस? मग दावीदाच्या पाच गोट्यांना पाच नावं दिली जातात: विश्वास, सकारात्मक विचार, स्वप्न, चिकाटी, स्तुती. टाळ्या पडतात. आता पहिलं शमुवेल, सतरावा अध्याय उघडा. गल्याथ चाळीस दिवस सकाळ-संध्याकाळ आव्हान देतो आणि शौलासकट सारं सैन्य भेदरून जातं. आपण त्या अध्यायात कुठे असू, तर त्या थरथरणाऱ्या सैन्यात. त्यांच्यातला एकही लढत नाही; त्यांच्या वतीने एकटा जण उतरतो, आणि त्याच्या विजयामुळे भित्री माणसं पुढे धावतात. दावीद स्वतः सांगतो की लढाई परमेश्वराची आहे आणि हे सगळं जगाला देव कळावा म्हणून आहे. गोटा एकच लागला, बाकीचे चार वापरलेही गेले नाहीत. हे समजलेल्या माणसाला ख्रिस्ताच्या क्रुसाकडे वेगळ्या नजरेने बघता येतं. पाच गोट्यांची नावं पाठ केलेल्याला कर्जाचा हप्ता चुकला की वाटतं, माझाच विश्वास कमी पडला. फुटकळ शिकवण निरुपद्रवी नसते. ती दुःखात असलेल्या माणसावर आणखी ओझं टाकते.

नील पोस्टमन यांनी १९८५ साली ‘अम्यूझिंग अवरसेल्व्हज टू डेथ’ या पुस्तकात टीव्हीवरच्या धर्मप्रचाराविषयी अशा मंचालाही लागू पडणारं निरीक्षण नोंदवलं होतं: तिथे प्रचारक पहिला येतो आणि देव मागे पडतो. आपल्या फलकांवर पाहुण्या वक्त्याचा फोटो केवढा आणि वचन केवढं, एवढं पाहिलं तरी पुरे.

मग मांडायचं काय? नहेम्याचा आठवा अध्याय. यरुशलेमेत पाणीवेशीसमोरच्या चौकात लोक जमले; एज्राने लाकडी मंचावर उभं राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचलं; लेवी लोकांमध्ये उभे राहून अर्थ उलगडून सांगत होते. मंच होता, गर्दी होती, लोक रडलेही. मग त्यांना सांगण्यात आलं की आता जा, गोडधोड खा, ज्याच्याकडे नाही त्याला पाठवा. आणि लोकांनी मोठा आनंद केला, कारण सांगितलेली वचनं त्यांना समजली होती. आनंदाचं कारण त्या अध्यायात स्पष्ट लिहून ठेवलं आहे. आधी समजलं, मग आनंद झाला. आपण क्रम उलटा लावला आहे.

टिळकांना ख्रिस्त कोणत्या कार्यक्रमात भेटला? आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. वाचीन असं कबूल केलं म्हणून ते वाचू लागले आणि मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. कोणी दिवे मंद केले नव्हते. मजकूर होता आणि तो नीट वाचणारा माणूस होता.

हे आजही घडतं. एका घरगुती संगतीत फिलेमोनाचं पत्र वाचताना मी पाहिलं आहे. पंचवीस वचनांचं पत्र, दहा-बारा माणसं, प्रत्येकाच्या हातात पुस्तक. अनेसिम पळून गेला होता, आता पौल त्याला दास म्हणून नव्हे, भाऊ म्हणून स्वीकारायला सांगतो आहे, इथे आल्यावर एक कॉलेजातला मुलगा म्हणाला, मग आपल्या घरी काम करणाऱ्या मावशींना आपण वेगळ्या कपात चहा का देतो? खोलीत कोणी बोललं नाही. त्या मुलाला टिकवण्यासाठी कोणाला धुराचं यंत्र आणावं लागलं नाही.

म्हणून मागणी साधी आहे. एक शुभवर्तमान घ्या आणि पहिल्या अध्यायापासून शेवटपर्यंत शिकवा, मग त्याला सहा महिने लागोत की वर्ष. अवघड उतारे गाळू नका. तरुणांना प्रश्न विचारू द्या. गाणी त्या रविवारच्या शास्त्रपाठावरून निवडा, आणि ती वाजवणारा मुलगा संदेश चालू असताना बाहेर चहा प्यायला जाणार नाही एवढं बघा. पाळकाला लग्नं, अंत्यविधी, कोर्टकचेऱ्या आणि ट्रस्टच्या भांडणांतून आठवड्याचे दोन दिवस अभ्यासासाठी मोकळे करून द्या.

आणि पंच कमिटीत बसणाऱ्यांना एक विनंती. येत्या वार्षिक सभेत अंदाजपत्रक हातात येईल, तेव्हा साउंड सिस्टिमच्या रकमेशेजारी पाळकाच्या पुस्तकांसाठी किती रक्कम धरली आहे ते बघा, आणि काहीच धरलेली नसेल तर तिथेच उठून विचारा.