प्रश्न विचारायला माणूसच हवा

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाची तोंडी परीक्षा मोडीत काढावी, अशी मागणी एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मोठ्या पोटतिडकीने केली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: एक्स्टर्नलना, म्हणजे बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना, विषय कळत नाही, दहा मिनिटांत चौघांचा ग्रुप उरकला जातो, गुण आधीच ठरलेले असतात, आणि फाडफाड बोलणारा बाजी मारतो तर रात्री जागून काम करणारा खाली मान घालून बाहेर पडतो. म्हणून अहवाल वाचा, कोड संगणकाकडून तपासून घ्या, गुण द्या आणि मुलांना मोकळं करा.

विद्यार्थ्यांच्या भल्याचा आव आणून विद्यार्थ्यांवर इतका अविश्वास दाखवलेला मी बऱ्याच दिवसांत वाचला नव्हता.

किरकोळ मुद्दे आधी संपवू. एक्स्टर्नलना विषय कळत नसेल तर कळणारे नेमा. दहा मिनिटं पुरत नसतील तर तीस द्या. गुण आधीच ठरत असतील तर ती लबाडी आहे, आणि लबाडी करणाऱ्याला धरायचं सोडून परीक्षाच रद्द करणं म्हणजे त्याची सोय करून देणं.

अहवालावर भागेल असं म्हणणाऱ्याने गेल्या चार-पाच वर्षांत ब्लॅक बुक, म्हणजे प्रकल्पाचा बांधीव अहवाल, उघडून पाहिलेलं दिसत नाही. तेच बाइंडिंग, तीच सोनेरी अक्षरं, तेच ऋणनिर्देश. तयार प्रकल्प विकणारी दुकानं आहेतच. सर्किट, कोड, अहवाल आणि पीपीटी असा संच एकत्र मिळतो. आता तर दुकानाची पायरी चढायचीही गरज नाही, एआयला सांगितलं की साठ पानं हजर. साहित्यचोरी पकडणारं सॉफ्टवेअर शब्द जुळतात का ते पाहतं. लिहिणाऱ्याला ते समजलंय का, हे त्याला कसं कळणार?

पानाचा फोटो घेऊन पिकाचा रोग ओळखणारं ॲप हा आपल्याकडचा लाडका प्रकल्प. पुष्कळ ग्रुप त्यासाठी प्लांटव्हिलेज नावाचा छायाचित्रसंच घेतात. चौपन्न हजारांवर फोटो, १४ पिकं. अहवालात अचूकता ९८-९९ टक्के येते, आणि तो आकडा खोटाही नसतो. पण त्या फोटोंतलं पान बहुधा खुडून साध्या, एकरंगी पार्श्वभूमीवर ठेवलेलं असतं. याच संचावरचं २०१६ सालचं एक गाजलेलं संशोधन आहे. त्यात चाचणीतली अचूकता ९९.३५ टक्के होती. वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर ती ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली, आणि संशोधकांनी ते स्वतःच लिहून ठेवलं. नुसता अहवाल तपासणारा ९९ पाहून पान उलटतो. समोर बसलेला परीक्षक विचारतो, “हा फोटो कुठे काढलाय? बांधावर उभं राहून काढला तर काय होईल?” त्या संचात सफरचंद आहे, ब्लूबेरी आहे, कापूस नाही, कांदा नाही, डाळिंब नाही. यवतमाळच्या शेतकऱ्यासाठी म्हणून केलेल्या ॲपला कापूसच ठाऊक नाही, हे एका प्रश्नात उघडं पडतं. आणि एखादी मुलगी स्वतः शेतात गेली, मोबाइलवर फोटो काढले, मॉडेल तिथे आपटलं, अचूकता साठवर आली आणि तिने प्रामाणिकपणे साठच लिहिली, तर तिला न्याय मिळायची जागा तोच प्रश्न आहे. संगणकाच्या तपासणीत ती ९९वाल्यांच्या कायम मागे राहील.

आता त्यांचा मुख्य आक्षेप, ज्याच्या आडोशाला बाकी सगळे आक्षेप उभे आहेत: खेड्यातून आलेल्या, न बोलणाऱ्या मुलावर अन्याय होतो. यात खरं आहे ते इतकंच, की इंग्रजीत न बोलता येणाऱ्या मुलाचे गुण जातात. हे संतापजनक आहे आणि वर्षानुवर्षं चालू आहे. पण इंग्रजीत अडखळणाऱ्याला मुका ठरवायचं आणि मग दयाळूपणे त्याचं बोलणंच बंद करायचं, हा कुठला न्याय? हीच मुलं ग्रामसभेत, बाजार समितीत, एसटीच्या फलाटावर आपला मुद्दा सोडत नाहीत. कॉलेजच्या एका खोलीत त्यांची वाचा जाते, तर दोष त्या खोलीत शोधायला हवा.

जमिनीतला ओलावा मोजून पंप चालू-बंद करणारा प्रकल्प घ्या. सेन्सरला सतत करंट का देत नाहीस, असं इंग्रजीत विचारलं की मुलगा “सर, बिकॉज...” म्हणून थांबतो. मराठीत विचारा. तो सांगेल, “सर, सतत दिला तर ओल्या मातीत टोकं गंजतात, मग रीडिंग हलायला लागतं. म्हणून वाचायच्या वेळेपुरताच देतो.” यात विद्युत-विघटन आलं, मोजमापातली चूक आली आणि तिच्यावरचा उपायही आला. पंप बंद होताना बोर्ड रीसेट का व्हायचा ते विचारा. रिलेच्या कॉइलला डायोड कुठे लावला, ते तो बोट ठेवून दाखवेल. विकत घेतलेल्या प्रकल्पाबरोबर ही उत्तरं येत नाहीत, कारण दुकानदाराच्या टेबलावर माती नसते.

शिवाय चौघांच्या ग्रुपमध्ये पीपीटी बोलून दाखवणारा एक असतो आणि सोल्डरिंग करणारा दुसरा. अहवालावर नावं मात्र चौघांची, सारख्याच अक्षरांत. तोंडी परीक्षा काढून टाकली तर फायदा कोणाचा? ज्याने वर्षभर बोर्डाला हात लावला नाही त्याचा. न बोलणाऱ्या मुलाने काय केलं, हे कोणीतरी त्यालाच विचारण्याची ही एकमेव वेळ, आणि ती त्याच्याच नावाने हिरावून घ्यायची चालली आहे.

हा वाद नवा नाही. २०२० साली महामारीच्या काळात अंतिम वर्षाची परीक्षाच नको, सरासरी काढा, असं म्हणणारे पुष्कळ होते. प्राणाचं भय होतं, त्यामुळे त्यांचं मी समजू शकतो. शेवटी २८ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेविना अंतिम वर्षाची पदवी देता येणार नाही, असं स्पष्ट केलं. पण २०२१-२२ पासून मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीची पदवी शिकवायला परवानगी मिळाली, तेव्हा “यांना नोकरी कोण देणार?” म्हणून नाकं मुरडणाऱ्यांचं मी समजू शकत नाही. त्याच गोटाला आज मराठी मुलाचा एवढा कळवळा आला आहे की त्याने तोंडच उघडू नये, असं त्यांना वाटतं.

हवं ते एवढंच. प्रत्येक ग्रुपला अर्धा तास आणि प्रत्येकाला वेगळे प्रश्न. उत्तर मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, जसं येईल तसं; तांत्रिक शब्द इंग्रजी राहिले तरी काही बिघडत नाही. एक छोटा बदल तिथल्या तिथे करून दाखवायचा: ओलाव्याची मर्यादा बदल, हा नवा फोटो देऊन बघ. आणि खोलीचं दार उघडं. पीएच.डी.ची मौखिक परीक्षा आपल्याकडे नियमानेच इतर संशोधकांना खुली असते. मग पदवीच्या प्रकल्पाला बंद दार कशासाठी? मागच्या बाकांवर तिसऱ्या वर्षाची मुलं बसू द्या, म्हणजे पुढच्या वर्षी काय विचारलं जाणार आहे हे त्यांना विषय निवडतानाच कळेल, आणि आधीच गुण ठरवून आलेल्या परीक्षकालाही चार लोकांसमोर बसावं लागेल. परीक्षक कमी पडत असतील तर कारखान्यांतले, सॉफ्टवेअर कंपन्यांतले अनुभवी इंजिनिअर बोलवा. शेतीचा प्रकल्प असेल तर पॅनेलवर एक शेतकरीही हवा. “लाइट रात्रीची येते, मध्येच जाते, तेव्हा तुमचं यंत्र काय करतं?” असं तो विचारेल, आणि त्या उत्तराला गुणपत्रिकेत स्वतंत्र रकाना असावा.