ग्लुटेन-फ्री बिस्किटांनी वजन कमी होते का?

काही महिन्यांपूर्वी माझ्या दवाखान्यात मायलेकी आल्या. आई पंचेचाळिशीच्या, वजन ७८ किलो. वजन कमी करायचे म्हणून तीन महिने चपाती बंद आणि चहाबरोबर नाचणीची 'ग्लुटेन-फ्री' बिस्किटे सुरू. वजन दोन किलोंनी वाढले होते. सतरा वर्षांच्या मुलीचे हिमोग्लोबिन ८.५ होते आणि पोट वरचेवर बिघडायचे. आईबरोबर तिचाही गहू सुटला होता, आणि तिचे पोट मात्र सुधारले होते. दोघींचा प्रश्न एकच होता, "डॉक्टर, ग्लुटेन बंद करणं चांगलं का?" उत्तरे मात्र दोन आहेत.

हे पदार्थ अचानक एवढे कुठून आले?

भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष जाहीर केले. ज्वारी, बाजरी, नाचणीला 'श्रीअन्न' हे नाव मिळाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये जीएसटी परिषदेने किमान ७० टक्के तृणधान्य असलेल्या मिश्र पिठावरचा कर कमी केला. सुट्या पिठावर शून्य, पॅकबंद पिठावर ५ टक्के. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे, केक, पेस्ट्री यांवरचा करही १८ वरून ५ टक्क्यांवर आला.

चंदगड, आजरा, शाहूवाडीच्या डोंगराळ भागात पिकणाऱ्या नाचणीला मागणी वाढली तर ते चांगलेच आहे. पण कर कमी झाला म्हणून पदार्थ आरोग्यदायी ठरत नाही. मैद्याच्या क्रीम केकलाही तोच ५ टक्के कर आहे आणि नाचणीच्या कुकीलाही.

ग्लुटेन आणि वजन यांचा संबंध किती?

ग्लुटेन हे गहू, सातू (जव) आणि राय या धान्यांतले प्रथिन आहे. कणकेला चिकटपणा येतो तो त्यामुळे. ग्लुटेनमुळे चरबी वाढत नाही. १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात आणि १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात उष्मांक जवळपास सारखेच असतात, साधारण ३२० ते ३४०. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, तंतू आहेत. ती जरूर खावी. पण ती आपोआप वजन उतरवत नाही.

वजन वाढते ते पिठात आपण जे घालतो त्याने. आईंच्या बिस्किटांचा हिशोब आम्ही कागदावर मांडला. १०० ग्रॅम नाचणी, १०० ग्रॅम ज्वारी, १०० ग्रॅम तूप आणि १२० ग्रॅम गूळ. एकूण सुमारे २००० उष्मांक. त्याची २० बिस्किटे झाली, म्हणजे एका बिस्किटात १००. दिवसाला चार बिस्किटे म्हणजे ज्वारीच्या जवळपास दोन भाकऱ्या. भाकरी खाताना आपण मोजतो, बिस्किटे मोजत नाही.

आता कोल्हापूरकरांना न आवडणारी गोष्ट. आपला गूळ कितीही प्रसिद्ध असला तरी वजनाच्या हिशोबात तो साखरच. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० उष्मांक, गुळात सुमारे ३८०. मध, खजुराचे सिरप यांचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहिलेली उत्तम. त्यात गूळही मोजायचा.

घरी भाजताना काय बदलाल?

- तूप १०० ऐवजी ६० ग्रॅम, गूळ १२० ऐवजी ६० ग्रॅम घ्या. पीठ कोरडे वाटले तर दोन-तीन चमचे दही घाला. बिस्किट १०० वरून सुमारे ७० उष्मांकांवर येते.
- ग्लुटेन नसल्यामुळे बिस्किट भुगा होते. एक चमचा इसबगोल किंवा एक अंडे घातले की पीठ धरून राहते. त्यासाठी जास्त तूप किंवा मक्याचा स्टार्च नको.
- वेलची, जायफळ, सुंठ वापरा. कमी गोडही चालून जाते.
- डबा भरून ठेवू नका. दोन बिस्किटे बशीत काढा आणि डबा आत ठेवा. ही दोन बिस्किटे जेवणाच्या हिशोबात धरा.

विकत घेताना पाकिटामागची घटकांची यादी वाचा. ज्याचे वजन सर्वांत जास्त, तो घटक आधी लिहिलेला असतो. नाव 'नाचणी कुकीज' आणि पहिला घटक मैदा किंवा साखर असेल, तर काय ते समजून घ्या.

ज्यांना खरोखर ग्लुटेन चालत नाही

सिलिअ‍ॅक आजारात ग्लुटेनमुळे शरीराची रोगप्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या आवरणावरच हल्ला करते. अन्नातले लोह, कॅल्शियम नीट शोषले जात नाही. जुलाब, पोटफुगी, गोळ्या घेऊनही न वाढणारे हिमोग्लोबिन, मुलांची खुंटलेली वाढ ही त्याची लक्षणे असू शकतात. इथे पथ्य आयुष्यभराचे आणि काटेकोर असते. थोडेसे चालते, असे इथे नसते.

अशा रुग्णांसाठी पुढच्या गोष्टी महत्त्वाच्या आहेत:

- खपली गहू हाही गहूच. रवा आणि गव्हाच्या शेवयाही वर्ज्य.
- थालीपिठाची भाजणी, मेतकूट यांत बहुधा गहू असतो. बाजारच्या हिंगातही गव्हाचे पीठ असू शकते.
- गिरणीत गव्हानंतर दळलेल्या ज्वारीत गहू मिसळतो. धान्य निवडून घरीच दळावे.
- बेकरीत देऊन भाजून आणलेली नानकटाई, पीठ नाचणीचे असले तरी, मैद्याच्या ट्रेमधून येते. ती यांना चालणार नाही.
- पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' लिहायचे तर नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावे लागते. सुट्या पदार्थावरच्या चिठ्ठीवर विसंबू नका.

आधी तपासणी, मग पथ्य

सर्वांत मोठी चूक इथे होते. सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी (टीटीजी-आयजीए) गहू खाणे चालू असतानाच करायची असते. आधीच गहू सोडला तर आजार असूनही अहवाल नॉर्मल येऊ शकतो. या मुलीचे तसेच झाले. पोटविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने तिला काही आठवडे पुन्हा चपाती खावी लागली, त्रासही झाला. मग तपासणी पॉझिटिव्ह आली आणि दुर्बिणीने आतड्याचा तुकडा तपासून निदान पक्के झाले. आधी तपासणी झाली असती तर ते आठवडे वाचले असते.

आता त्या घरात नाचणीची बिस्किटे दोघीही खातात. मुलीचे पीठ, डबा आणि ट्रे वेगळा आहे. हिमोग्लोबिन ११ वर आले आहे. आईंची चपाती पुन्हा सुरू झाली, बिस्किटे दोनच, आणि रोज संध्याकाळी रंकाळ्यावर फेरी. वजन सावकाश उतरते आहे.

तुमच्या घरात कुणाला वरची लक्षणे असतील तर गहू बंद करण्याआधी डॉक्टरांना भेटा. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असेल तर आहारात मोठा बदल विचारून करा. आणि प्रश्न फक्त वजनाचा असेल, तर चपातीला दोष देण्याआधी तूप आणि गूळ मोजा.