दुसरा गणवेश

गिरगाव चौपाटीवर हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचा पुतळा उभा आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या काळरात्री, मध्यरात्र उलटून गेल्यावर, हाती केवळ लाठी असलेल्या या सहायक पोलीस उपनिरीक्षकाने चौपाटीवरील नाकाबंदीत अजमल कसाबच्या एके-४७ ची नळी घट्ट धरून ठेवली. गोळ्या अंगावर झेलल्या, पण पकड सुटू दिली नाही. म्हणूनच कसाब जिवंत हाती लागला आणि पाकिस्तानचा बुरखा जगासमोर फाटला. २००९ साली राष्ट्राने ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र अर्पण केले. हे सारे मुंबईकर जाणतात. मात्र साताऱ्यातील जावळी तालुक्याचे हे सुपुत्र १९९१ मध्ये पोलीस दलात येण्यापूर्वी भारतीय सैन्यात नाईक होते, हे फारसे कोणाच्या स्मरणात नसते. वास्तविक त्या पकडीचे मूळ तेथेच शोधावयास हवे.

सैन्यातही सर्वांत खडतर जिणे पायदळातील जवानाचे. १९९९ च्या कारगिल संग्रामात पाठीवर दारूगोळ्याचे ओझे घेऊन, रात्रीच्या अंधारात, सोळा हजार फुटांवरील कडे चढून गेला तो हाच जवान. तोफखाना आणि हवाई दल वाट मोकळी करतात. शिखरावर पाय मात्र पायदळालाच रोवावा लागतो. असे जगलेला हा माणूस पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो. मुले शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात. निवृत्तिवेतन मिळते, पण तेवढ्यावर मुंबईत संसार चालत नाही.

मराठा लाईट इन्फंट्रीची पहिली पलटण १७६८ साली उभी राहिली ती कंपनी सरकारच्या ताब्यातील मुंबईच्या राखणीसाठी. (राखण परक्यांच्या मालमत्तेची, रक्त मात्र मावळ-कोकणाचे!) त्याच मुंबईत पायदळाचा निवृत्त जवान आज कोठे दिसतो? लालबाग-परळला गिरण्यांच्या जागी उठलेल्या उत्तुंग इमारतींच्या फाटकावर, मोटारींचे क्रमांक वहीत टिपताना. कामात कमीपणा नाही. परंतु गोळीबारातही डोके शांत ठेवण्याचे शिक्षण ज्याला राष्ट्राने दिले, त्याच्याकडून फाटक उघडून घेण्यापलीकडे या महानगराला काही सुचू नये, हा करंटेपणा नव्हे काय?

राज्य शासनाच्या क आणि ड गटांतील पदांवर माजी सैनिकांसाठी १५ टक्के आरक्षण आहे. पण ऐन उमेदीची वर्षे सीमेवर घालवलेल्याने बाविशीतील पदवीधरांच्या रांगेत बसून पुस्तकी परीक्षा द्यायची, ही त्याची दुसरी चढाईच. शिवाय २०२२ च्या अग्निपथ योजनेनुसार चार वर्षांनंतर शंभरातील जास्तीत जास्त पंचवीस अग्निवीर सैन्यात कायम व्हावयाचे आहेत. उरलेले ऐन पंचविशीच्या आसपास घरी परततील. महापालिकेचे अग्निशमन दल, आपत्ती निवारण कक्ष, उपनगरी स्थानकांची सुरक्षा, एवढेच काय, गणेशोत्सवात लालबागला लोटणाऱ्या गर्दीचे नियोजन, यांपैकी कोणत्या कामात त्यांना सामावून घ्यायचे, याचा आराखडा शासनाने आणि महापालिकेने प्रत्येक तुकडी परतण्याआधी तयार ठेवला पाहिजे.