शिवडीची टेकडी आणि पाच रुपयांचे तिकीट

सुट्ट्या जवळ आल्या की मुन्नारच्या चहामळ्यांची छायाचित्रे सगळीकडे झळकू लागतात. कोलुक्कुमलैच्या कड्यावरून ढगांच्या वर उगवणारा सूर्य पाहावा, असे गिरणगावातल्या कुटुंबालाही वाटतेच. पण तो माथा गाठायचा तर आधी केरळपर्यंतचा प्रवास, मग मुक्काम आणि शेवटी सूर्यनेल्लीहून जीप, कारण मळ्यांतली ती खडकाळ वाट साध्या गाडीला झेपत नाही. चौघांच्या घरात हा बेत अनेकदा हिशेबाच्या कागदापुढे सरकत नाही. उंचावरून दूरवर पाहणे ही मुळात फुकटची गोष्ट. ती महाग होते वाटेमुळे, आणि वाट कुठे नि कुणासाठी बांधायची हे बऱ्याच अंशी सरकार ठरवते. म्हणून कमी खर्चात डोंगरमाथा कसा गाठावा हा प्रश्न काटकसरीच्या सल्ल्यांवर सोडून चालणार नाही. शिवडीत त्याचे अर्धे उत्तर तयारच आहे.

हार्बर मार्गावरच्या शिवडी स्थानकातून पूर्वेला चालत जाण्याच्या अंतरावर, एका लहान टेकडीवर शिवडीचा किल्ला उभा आहे. इंग्रजांनी तो १६८० मध्ये बांधला, तोच मुळी खाडीवर नजर ठेवण्यासाठी. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने मुंबईवर चाल केली ती याच किनाऱ्यावरून. पुढे इथे कैदी ठेवले गेले, मग बंदराचे गोदाम झाले. आज ते राज्य संरक्षित स्मारक आहे आणि आत जायला पैसे लागत नाहीत. सीएसएमटीहून लोकलचे तिकीट पाच रुपये. तटावरून समोर कांदळवन, त्यापलीकडे चिखलाचे पठार, दूरवर तुर्भ्याची टेकडी आणि माहुलच्या तेलटाक्या दिसतात. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत याच खाडीत फ्लेमिंगो उतरतात, त्यांतले कित्येक कच्छकडून आलेले. एवढे दृश्य इतक्या कमी पैशांत देणारी दुसरी उंच जागा मुंबईत सापडणे कठीण आहे.

पण दृश्यासाठी खर्च होतो तो भलतीकडे. याच शिवडीतून २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सुरू होतो. १७ हजार ८४० कोटींहून अधिक खर्चून बांधलेला हा पूल जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. त्यावरून तीच खाडी दिसते, पण मोटारीला एका फेरीचे २५० रुपये पडतात आणि दुचाकी, रिक्षा, पादचारी यांना तिथे प्रवेशच नाही. पूल वाहतुकीसाठी आहे, हे मान्य. मग मलबार हिलचे उदाहरण घेऊ. तिथे महापालिकेने झाडांमधून जाणारी ४८५ मीटरची उन्नत पायवाट बांधली आणि मार्च २०२५ च्या अखेरीस ती लोकांसाठी उघडली. केवळ चालण्या-पाहण्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च करता येतो, हे तिने सिद्ध केले. ते काम चांगलेच झाले आहे. माझे म्हणणे एवढेच की पश्चिम किनाऱ्याला जे मिळाले ते पूर्व किनाऱ्यालाही मिळायला हवे.

यावर पहिला आक्षेप पक्षीप्रेमींचा आहे, आणि तो सर्वांत वजनदार आहे. माणसांची गर्दी वाढली तर पक्षी निघून जातील, ही त्यांची भीती खरी आहे. अटल सेतूच्या बांधकामाने पक्ष्यांना आधीच बराच त्रास झाला आहे. पण आज लोक थेट शिवडीच्या धक्क्यावर, म्हणजे चिखलाच्या अगदी काठावर जातात. किल्ल्याचा तट उंच आहे आणि पाण्यापासून लांब. माणसांना तिथे थांबवणे पक्ष्यांच्याच हिताचे आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) धक्क्यावर भरवलेल्या फ्लेमिंगो महोत्सवांनी दाखवून दिले की नीट सांगणारे कुणी असले तर गर्दी शिस्तीत पाहते. दुसरा आक्षेप असा की फुकट जागेची निगा राहत नाही, तेव्हा तिकीट लावा. मलबार हिलला २५ रुपयांचे तिकीट आहे खरे, पण तिथल्या गर्दीला आवर घालते ती वेळ आधी ठरवून घेण्याची पद्धत. शिवडीत तीच पद्धत पैशांविना वापरता येईल. पाच जणांच्या कुटुंबाला १२५ रुपये म्हणजे लोकलच्या जाण्या-येण्याच्या खर्चाच्या अडीचपट. आणि तेलटाक्या, गोदामांत पाहण्यासारखे काय, असे विचारणाऱ्यांना मी म्हणेन की हे शहर ज्या बंदरावर वाढले ते बंदर तिथून दिसते. मुलांनी ते पाहिलेच पाहिजे.

खरी अडचण पैशांची नाहीच. किल्ला राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे, किनारा आणि आसपासची बरीच जमीन मुंबई बंदर प्राधिकरणाकडे, तर नागरी सोयी महापालिकेकडे. स्थानकापासून टेकडीपर्यंत मालट्रकांपासून सुरक्षित पदपथ, वर सावली, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि एक पहारेकरी, एवढ्यासाठी या तिघांनी एकत्र बसायला हवे. पक्षी कधी दिसतील हे सांगणारा फलक तर जवळपास फुकट लागेल. ओहोटीला ते दूर पांगतात, ऐन भरतीत चिखल बुडाला की उडून जातात. भरतीच्या दोनेक तास आधी किंवा नंतर मात्र जवळ दिसतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते, म्हणजे अष्टमीला सहा, हे कोकणकिनाऱ्यावरच्या माणसाला ठाऊक असते. परळच्या वा डोंबिवलीच्या माणसाला ते ठाऊक असेलच असे नाही. त्या आठवड्याच्या भरतीच्या वेळा शिवडी स्थानकाच्या फलाटावर लावायला कोणत्याही निविदेची गरज नाही, आणि सुरुवात तिथूनच करावी.