म्हणे, नाक करून घेतलंय!

गेल्या महिन्यातल्या आमच्या भिशीत सामोशांपेक्षा जास्त चघळला गेला तो एकच विषय. मालिकेतली एक नायिका चार महिने दिसेनाशी झाली आणि परत आली ती निराळीच दिसायला लागली. "नाक करून घेतलंय म्हणे." "छे गं, ओठ!" "म्हणून तर तिला आता सिनेमा मिळालाय म्हणे!" या 'म्हणे'ला ना गाव ना पत्ता. कोण म्हणतं, कुठे म्हणतं, हे विचारायची सोयच नसते. ऐकायला मात्र मजा येते, हे मैत्रिणींनो, तुम्हीही कबूल कराल.

२०१८ च्या फेब्रुवारीत श्रीदेवी दुबईत गेली तेव्हाही हेच झालं. शस्त्रक्रियांनीच घात केला, बारीक व्हायच्या गोळ्या भोवल्या, असं जो तो सांगत सुटला. बेशुद्ध होऊन टबातल्या पाण्यात अपघाताने बुडाली, असं तिथल्या पोलिसांनी जाहीर केलं तरी कुजबूज थांबली नाही. लहानपणापासून कॅमेऱ्यापुढे राबलेली बाई, आणि लोक मोजत बसले तिच्या सुरकुत्या!

मला अशा वेळी ललिता पवार आठवतात. येवल्याच्या या बाई मूकपटांच्या काळापासून पडद्यावर होत्या, नायिका म्हणून गाजल्याही होत्या. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांनी त्यांना थोबाडीत मारायची होती. हात जोरात बसला. मुद्दाम नव्हे, अपघातच तो. पण डाव्या डोळ्याला इजा झाली आणि तो कायमचा बारीक राहिला. तेव्हा बाईंचं वय अवघं २६. नायिकेच्या भूमिका संपल्या. पुढे वाट्याला आली ती खाष्ट सासू, कारस्थानी आत्या. गंमत बघा, ज्यांचा हात लागला ते भगवानदादा चांगले गुटगुटीत, बुटके. पण १९५१ च्या 'अलबेला'त गीता बालीसमोर ऐटीत नायक झाले. पुरुषाच्या पोटाला सगळं माफ, बाईचा डोळा मात्र जरा बारीक झालेला चालत नाही!

आणि आम्ही प्रेक्षक? माझी आत्या छातीठोकपणे सांगायची, "ती बाई घरीसुद्धा तशीच असणार, डोळ्यावरूनच कळतंय की!" त्या डोळ्यामागची दुखापत तिला ठाऊक नव्हती, आणि ती जाणून घ्यायची तिला गरजही वाटली नाही.

बाईंनी मात्र त्याच डोळ्याला कामाला लावलं. 'रामायण' मालिकेतली त्यांची मंथरा १९८७ साली आम्ही पाहिली आणि २०२० च्या टाळेबंदीत आमच्या नातवंडांनी. नुसती तिरकी नजर टाकली की पोरं आजीच्या पदराआड! तरी माझ्या मते त्यांचं खरं सोनं आहे १९५९ च्या 'अनाडी'त. त्यातल्या मिसेस डिसासाठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळालं. घरमालकीण म्हणून राज कपूरवर खेकसणारी, आणि खेकसता खेकसता त्याला आईसारखी जपणारी ती बाई. तोच बारीक डोळा, पण त्यात माया अशी भरलेली की सासूचा मागमूस उरत नाही. पुढच्या भिशीला मी 'अनाडी' लावणार आहे. सामोसे माझ्याकडून!