ओंडक्यावरचा आकडा

अब्राहम लिंकन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात, ओंडके एकावर एक रचून केलेल्या एका लहानशा घरात झाला, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. हॉजनव्हिल गावाजवळ त्या जागी ग्रीक देवळाच्या धर्तीचे भव्य दगडी स्मारक आहे आणि त्याच्या गाभाऱ्यात तसेच एक घर जपून ठेवले आहे. ते लिंकन यांचे मात्र नव्हे.

१८९४ मध्ये एका व्यावसायिकाने ती शेती विकत घेतली व जवळच्याच एका जुन्या घराचे ओंडके आणून तेथे झोपडी उभी केली. पुढे ती सोडवून प्रदर्शनांतून मिरविण्यात आली. १८९७ साली नॅशव्हिलच्या प्रदर्शनात तिच्या जोडीला जेफर्सन डेव्हिस यांचे म्हणून एक घर होते. यादवी युद्धातील दोन विरोधी अध्यक्षांचा असा शेजार जुळून आला! नंतर दोन्ही घरांचे ओंडके गोदामात एकमेकांत मिसळले. १९११ साली पुऱ्या झालेल्या स्मारकात प्रेक्षकांना फिरता यावे म्हणून घर छाटून १२ बाय १७ फुटांचे करण्यात आले. २००४ साली लाकडातील वर्षवलये तपासली, तेव्हा सर्वांत जुना ओंडका १८४८ चा निघाला. त्या वर्षी लिंकन एकोणचाळीस वर्षांचे होते. आता त्या घराला ‘प्रतीकात्मक’ म्हणतात.

घर हलविणे हा गुन्हा नाही. स्टॉकहोमच्या स्कान्सेनमध्ये १८९१ पासून अशी घरे सोडवून पुन्हा उभारली गेली आहेत. प्रश्न नोंदीचा आहे. छपराला हात लावण्यापूर्वी मापपट्टी शेजारी ठेवून आतून-बाहेरून छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक भिंतीचा आराखडा काढावा. मग ओंडक्यांना आकडे द्यावेत. ‘पू ४’ म्हणजे पूर्वेच्या भिंतीचा खालून चौथा. सोडवायचे वरून असले तरी मोजायचे खालून, कारण बांधणी खालूनच होते. आकड्याची धातूची चकती सर्व ओंडक्यांच्या आतल्या अंगाला, एकाच टोकाशी ठोकावी. म्हणजे ओंडका उलटा बसत नाही. खडूचे आकडे पहिल्याच पावसात जातात. कोपऱ्याची प्रत्येक खाच तिच्या शेजारच्या ओंडक्यापुरतीच बेतलेली असते, म्हणून एक चुकला की पुढचे सारे अडते.

जुन्या सुतारांनी पटाशीने पाडलेल्या सरळ रेघांच्या खुणाही कधी सापडतात. धूळ झाडण्याआधी त्या उतरून घ्याव्यात. कुजलेला ओंडका त्याच्या मापाचा नवा तयार होईपर्यंत टाकू नये, आणि नव्यावर साल कोरावे.

इंदूर-बडोद्याकडे वडिलोपार्जित वाडा उतरविण्याची वेळ ज्यांच्यावर येईल, त्यांनी खांब-तुळयांसाठीही हीच रीत धरावी. नोंदवहीच्या दोन प्रती कराव्यात. एक कामावर, दुसरी घरच्या कपाटात.